मधल्या कानाला कोण विचारतं

माझ्या भावाने हॉस्पिटलमधल्या त्याच्या खोलीत माझा फोटो फ्रेम करून लावलाय. हे ऐकलं की लोकांना फार कौतुक वाटतं. बहिणीवर केवढी माया म्हणतात. मग ते त्या खोलीत जातात आणि भिंतीवर त्यांना एक पांढरट, गोल, ओलसर प्रकार दिसतो, मधून एक तांबडी रेघ गेलेली. ती मी. म्हणजे माझ्या उजव्या कानाचा पडदा, भावाने स्वतःच्या हाताने बसवलेला. नव्या डॉक्टरांना तो त्या फोटोसमोर उभं करतो आणि सांगतो, "बघा, पडदा बसावा तर असा." त्या कानाने मला ऐकू येत नाही, ते काही फोटोत दिसत नाही.

तसा भाऊ वाईट नाही. धाकटा आहे, लाडका आहे आणि सर्जन आहे. या तिन्ही गोष्टी एका माणसात आल्या की जे व्हायचं ते झालंय. घरात त्याला आम्ही नक्की म्हणतो. लहानपणी "पास होशील का रे?" विचारलं की छाती पुढे काढून "नक्की" म्हणायचा, आणि नापास झाला तरी त्याच आवाजात "पुढच्या वेळी नक्की." पुढे सर्जन झाला आणि या सवयीचा पगार मिळायला लागला. ऑपरेशन थिएटरच्या दारात हातपाय गळून उभ्या असलेल्या नातेवाइकांना "बघू काय होतंय ते" असं सांगणारा डॉक्टर कोणाला हवाय? तिथे आमच्या नक्कीसारखाच लागतो. माझ्या वाहत्या कानामुळे तो या शाखेकडे वळला असं आई सगळ्यांना सांगायची. तो म्हणतो, तेवढीच एक सीट उरली होती.

मी टेलिफोन एक्स्चेंजवर नोकरी केली. हेडफोन कायम डाव्या कानाला. उजव्याच्या पडद्याला लहानपणापासून भोक होतं. लोक म्हणतात, या कानाने ऐकावं आणि त्या कानाने सोडून द्यावं. माझ्याकडे सोडून द्यायला दुसरा कानच नाही, त्यामुळे ऐकलेलं सगळं आत साठतं आणि तोंडावाटे बाहेर पडतं. माझ्या तिखट जिभेचं हे वैद्यकीय कारण आहे, असं मी भावाला केव्हाच सांगून ठेवलंय.

त्याचे गुरू त्याला बजावत होते की घरच्या माणसावर सुरी चालवू नये. पण ऐकेल तो नक्की कसला. "ताईचा कान मीच करणार," म्हणाला आणि केला. पट्टी काढली तेव्हा मोठ्या आशेने विचारलं, "येतंय ऐकू?"

"नाही."

"येईल. सूज उतरली की नक्की येईल."

सूज उतरली. मग म्हणाला, आत हवा नीट खेळायला लागली की येईल. मग म्हणाला, हा हिवाळा जाऊ दे. हिवाळे बरेच गेले. पुढेपुढे त्याने विचारायचंच सोडलं. रविवारी घरी आला की खिशातली बॅटरी काढायचा, माझ्या कानात डोकवायचा, "सुंदर" म्हणायचा आणि चहाला बसायचा. मग मीही सोडायची नाही. "आज चहा मिळणार नाही, तुझं मागणं ऐकू आलं नाही," असं काहीतरी टोचून बोलायची. तो खाली मान घालून बिस्किटं खायचा.

वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. ऐकू येत नाही याचं एवढं नाही. एका कानावर माझी नोकरी झाली, संसार झाला, भांडणं तर त्याहून छान झाली. पण ज्याने कान उघडला त्याने एकदा तरी समोर बसून "ताई, हे मला जमलं नाही" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तेवढं वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना.

गंमत म्हणजे जे बहिणीला सांगता आलं नाही ते त्याने सरकारला सांगायचं ठरवलं. माझ्यासारखे पेशंट त्याच्याकडे बरेच होते. पडदा उत्तम बसलेला, आतली तिन्ही हाडं जागच्या जागी, हलतायत, आणि तरी माणूस "काय? काय?" करतोय. असं का होतं ते त्याला शोधायचं होतं. त्यासाठी एक मशीन हवं होतं आणि ऑपरेशनमधून थोडी सवड हवी होती. सरकार संशोधनाला पैसा देतं, तो मागायचा असं त्याने ठरवलं.

एका रविवारी जेवताना त्याने ताटाशेजारी लॅपटॉप ठेवला. पडद्यावर एक रेघ वरून खाली घसरत आलेली. मला वाटलं कोणाचा ताप उतरलाय.

"ताई, हा आमच्या शाखेतल्या सर्जनांना मिळणारा सरकारी संशोधनाचा पैसा."

"आणि ही वर चाललेली?"

"तो आतल्या कानाचा. नसा, जनुकं वगैरे. ते सगळं प्रयोगशाळेतली माणसं करतात. सर्जन नाहीत त्यात."

मग त्याने भात कालवत सगळी कहाणी सांगितली. त्याच्या गुरूंच्या काळात म्हणे मोठ्या सर्जनच्या खोलीला लागून एक छोटी प्रयोगशाळा असायचीच. सकाळी ऑपरेशन, दुपारी प्रयोग. मग ऑपरेशनं वाढली. हॉस्पिटल म्हणायला लागलं, तुमचे हात टेबलावर हवेत, प्रयोग कसले करताय. दुपारही ऑपरेशनमध्ये गेली आणि प्रयोगशाळेत कापसाची खोकी ठेवायला लागले. तिकडे प्रयोगशाळेतली माणसं दिवसभर तेच काम करणारी. त्यांचे अर्ज चांगले, म्हणून पैसा त्यांना. पैसा मिळत नाही म्हणून सर्जन अर्ज करीनात. अर्ज करीनात म्हणून पैसे वाटणाऱ्या समितीवर त्यांना कोणी घेईना. आणि घेतलंच एखाद्याला, तर बैठकीच्या दिवशी नेमकी त्याची ऑपरेशनं असायची. घशाच्या कॅन्सरला पैसा मिळतो, तो मिळायलाच हवा. आतल्या कानाला मिळतो. मधला कान, जिथे माझा घोटाळा आहे, तिकडे कोणी फिरकत नाही.

"म्हणजे आतला कान कानामागून आला आणि तिखट झाला," मी म्हटलं.

"मधल्याला कोण विचारतं," असं आमचा मधला भाऊ म्हणाला. त्या जेवणात तो तेवढंच बोलला.

सर्जनांसाठी म्हणून एक योजना वेगळी राखून ठेवलेली होती. पण तीही पुढच्या वर्षी मोठ्या योजनेत विरघळणार होती, आणि नक्कीला विभागप्रमुख करायचं घाटत होतं. एकदा प्रमुख झाला की सह्या करण्यात जन्म जाणार. म्हणजे या वेळी पैसा मिळाला तर मिळाला, नाहीतर तो प्रश्न तसाच राहणार आणि माझ्यासारख्यांना "हिवाळा जाऊ दे" असं सांगण्यात त्याची उरलेली नोकरी जाणार. हे तो हसत हसत बोलला, पण भात तसाच ठेवून उठला. तेव्हा मला त्याची दया आली.

याआधी त्याने अर्ज केले नव्हते असं नाही. पण अर्ज लिहायचा तो ऑपरेशनची नोंद लिहिल्यासारखा. कान उघडला, दोष शोधला, दूर केला, पेशंट घरी गेला, संपलं. शोधायचं काय आहे ते लिहायचं सोडून काय सापडणार ते छातीठोक लिहायचा, शंका म्हणून कुठे नाही. एकदा समितीने शेरा मारला की उत्तर अर्जदाराला आधीच ठाऊक असेल तर संशोधन कशासाठी. त्यावर हा आठवडाभर फणफणत होता.

"मूर्ख आहेत सगळे. सर्जननेच शंका काढली तर पेशंट टेबलावर झोपेल का?"

"अरे, पण सरकार कुठे टेबलावर झोपलंय," मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही.

या वेळी नियमही बदलले होते. एकटा सर्जन चालणार नाही. सोबत प्रयोगशाळेतलं एक माणूस पाहिजे आणि पेशंटांच्या वतीने एक पेशंटही पाहिजे. प्रयोगशाळेच्या एक बाई मिळाल्या, पेशींवर काम करणाऱ्या. हळू बोलणाऱ्या, पण आपलं म्हणणं न सोडणाऱ्या. आणि पेशंट म्हणून कोण, तर मी. मला विचारलं ते असं.

"ताई, गुरुवारी मोकळी आहेस का? एका बैठकीला बसायचंय. बोलायचं काही नाही."

जन्मभर टेलिफोनवर बोलून पोट भरलेल्या बाईला सांगतोय, बोलायचं काही नाही. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

तयारी माझ्याच जेवणाच्या टेबलावर झाली. मी बाईंना माझ्या डावीकडे बसवलं, भावाला उजवीकडे. बाई त्याच्या लिखाणातलं प्रत्येक "होईल" खोडून "होण्याची शक्यता आहे" करत होत्या आणि हा दाढ उपटल्यासारखं तोंड करत होता.

"सर, एकदा म्हणून बघा. आम्हाला अजून कळलेलं नाही की..."

"आम्हाला अजून..." म्हणाला आणि त्याला खोकला आला. पाणी दिलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडला. असा माणूस मी पाहिला नाही. डोळ्यांना नीट दिसतही नाही एवढं हाड चिमट्यात धरेल, पण चार शब्द काही त्याला उचलेनात. शेवटी बाई म्हणाल्या, "राहू दे सर, ते मी बोलते. तुम्ही फक्त फोटो दाखवा." त्यावर त्याचा चेहरा खुलला.

बैठकीची खोली लांबट होती, पडदे ओढलेले, टेबलावर पाण्याच्या बाटल्या ओळीने. अध्यक्ष म्हणून एक वयस्कर बाई होत्या, आवाज अगदी मऊ. त्यांचा आवाज पोचेना म्हणून मी माझी खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. सगळे बघत राहिले. बघोत बापडे, ऐकायलाच तर आले होते मी.

शास्त्रज्ञ बाई छान बोलल्या. मग नक्की उठला आणि त्याने फोटो दाखवायला सुरुवात केली. पडदा, पडदा, आणखी एक पडदा. लग्नाचा अल्बम दाखवावा इतक्या प्रेमाने. समितीतला एक माणूस मनगटावरचं घड्याळ चाचपायला लागला. सगळ्यात शेवटी माझा पडदा आला, भिंतभर मोठा.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "यशाचं प्रमाण किती आहे तुमचं?"

"शंभरात नव्वद. जास्तच."

"यश म्हणजे तुम्ही काय धरलंय?"

"पडदा पूर्ण बसणं."

"आणि ऐकू येणं?"

शास्त्रज्ञ बाईंनी तोंड उघडलं, पण अध्यक्षबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. प्रश्न सर्जनला होता. नक्कीने भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. मला त्याची ती उभं राहण्याची पद्धत माहीत आहे, आता छाती पुढे काढणार आणि तो आवडता शब्द बोलणार. मी मनात म्हटलं, गेला पैसा. पण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे खांदेच पडले.

"हा पडदा माझ्या बहिणीचा आहे," तो म्हणाला. "ती तिकडे बसलीय. याहून चांगला पडदा मी आजवर बसवलेला नाही. पण तिला या कानाने ऐकू येत नाही. मी तिला येईल, येईल असं सांगत राहिलो. का येत नाही ते मला माहीत नाही. माझ्या यादीत ती यशस्वी म्हणून धरलेली आहे. ते शोधायला वेळ द्या, एवढंच मागायला आलोय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रुमाल नेमका पर्समध्ये तळाला. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "पेशंट म्हणून तुम्हाला काही सांगायचंय?" तयारीच्या वेळी शास्त्रज्ञ बाईंनी माझ्याकडून एक छान वाक्य पाठ करून घेतलेलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"हेच त्याने मला घरी सांगितलं असतं तर तुम्हाला एवढे पडदे बघावे लागले नसते," मी म्हटलं. घड्याळवाला माणूस जोरात हसला.

परत येताना गाडीत तो काहीतरी पुटपुटला. गाडी तो चालवतो, म्हणजे कायम माझ्या उजव्या बाजूला. मी म्हटलं, जे काय असेल ते घरी पोचल्यावर या बाजूला येऊन बोल. घरी पोचल्यावर मात्र तो ऑपरेशन आहे म्हणून निघून गेला.

निकाल आला तो सरकारी पद्धतीचा, अर्धा हो आणि अर्धा नाही. मशीनला पैसा नाही. पण आठवड्यातला एक दिवस त्याने ऑपरेशन करायचं नाही आणि त्या दिवसाचं हॉस्पिटलचं नुकसान सरकार भरून देणार. नक्की भयंकर चिडला. "मशीन नाही तर त्या दिवशी करू काय? माश्या मारू?"

शास्त्रज्ञ बाई मात्र खूश होत्या. "सर, आमच्याकडे मशीनं धूळ खात पडलीयत. दिवस कोणाला मिळतो?"

त्या दिवसामुळे ती घसरणारी रेघ वर गेली, असं काही झालं नाही. ती योजना ठरल्याप्रमाणे बंद झाली आणि रेघ अजून खालीच आहे. पण दिवस मिळाला तो मिळाला. पहिल्याच मोकळ्या दिवशी त्याने मला हॉस्पिटलमध्ये बोलावलं. हॉस्पिटलमध्ये मशीन नसल्यामुळे तिथे त्याला करण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे जुन्या पेशंटांचं ऐकणं पुन्हा तपासणं, आणि तेही स्वतः. आजवर ती तपासणी दुसरं कोणीतरी करायचं, हा फक्त पडदा बघायचा.

ऐकण्याची तपासणी एका बंद खोलीत होते. खोली कसली, कपाटाहून थोडी मोठी. भिंतींना स्पंज, जाड दार, एक काच. बाहेरचा आवाज अजिबात आत येत नाही. हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. डाव्याचं झटपट झालं. मग डाव्यात त्याने नुसती खरखर सोडली, म्हणजे तो मधे मदतीला येणार नाही, आणि उजव्याला सुरुवात केली.

काचेपलीकडे तो आणि शास्त्रज्ञ बाई दिसत होत्या. त्याने खटका फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा तयार ठेवून बसलेली. त्याने अजून फिरवला. अजून. दर वेळी मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे बघायचा, आणि मी आपली नुसती बसलेली. बऱ्याच वेळाने कुठून तरी, बंद दारामागून यावी तशी टिकटिक आली आणि मी बटण दाबलं. त्याने खटका सोडला. मग तो उठला, जाड दार उघडून आत आला, आत दुसरी खुर्ची नव्हती म्हणून जमिनीवर बसला, माझ्या डाव्या बाजूला. दार त्याच्या पाठीमागे आपोआप लागलं. मी हेडफोन काढला.

"ताई, या बाजूने येत नाही, म्हणजे तुला काय काय येत नाही?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. मी सांगायला लागले. चौघांत बसलं की उजवीकडचा माणूस काय बोलला ते कळत नाही, बाकीच्यांची तोंडं बघून मी हसते.

"माझ्या विनोदांनाही?"

"तुझ्या विनोदांना सगळेच तसं हसतात."

तो हसला. मग मी, कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आई गेली त्या दुपारी मी तिच्या उशाशी होते, वाकून, उजवा कान तिच्याकडे. तिने माझा हात ओढला आणि काहीतरी म्हणाली. मी बाजू बदलून दुसरा कान पुढे करेपर्यंत ती बोलायची थांबली होती. शेवटचं काय म्हणाली, ते मला ठाऊक नाही.

त्याने मान वर केली. "तुला ऐकू आलं नव्हतं?"

"नाही रे."

"मी पायाशी होतो, ताई. मी ऐकलं." मग त्याने सांगितलं, "आई म्हणाली, धाकट्याला त्या कानावरून बोलत जाऊ नकोस गं, तो आतून खचलाय."

मी हातातला हेडफोन मांडीवर ठेवला.

"मला वाटलं, तू ऐकलंस. आणि तरी पुढच्या रविवारपासून पुन्हा टोचायला लागलीस. म्हटलं, ताई आईच्या शेवटच्या शब्दालाही बधली नाही, म्हणजे तिच्या मनातून मी कायमचा उतरलो. मग कशाच्या जोरावर विचारू की ऐकू येतं का?"

"अरे गाढवा," मी म्हटलं, "मला ऐकूच आलं नव्हतं."

त्याने माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पिकल्या केसांतून हात फिरवत होते आणि मलाही आवरत नव्हतं. काचेपलीकडे शास्त्रज्ञ बाई घाबरून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना आतलं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून त्या आपल्या हातांनी खुणा करून विचारत होत्या, काय झालं, काय झालं.